अकरा वर्षांचा अनुभव

उद्यमबागेतल्या माझ्या वर्कशॉपात पॅकिंगचं काम मागायला एक बाई आल्या होत्या. खानापूरकडच्या सरकारी मराठी शाळेत त्यांनी अकरा वर्षं गेस्ट टीचर म्हणून शिकवलं होतं. कायम भरतीत तो अनुभव धरला नाही आणि आता वयही उलटलं होतं. बोलताना त्या खडू लागल्यासारखी बोटं पदराला पुसत होत्या.

मलाही सर्टिफिकेट नाही म्हणून कंपन्यांनी दारातून परत पाठवलं होतं. मी भडकलो. “आणि तुम्ही भांडला न्हाईसा?”

“कुणाशी भांडू, अण्णा? सगळी चांगलीच बोलत होती.”

मग पगाराचा विषय निघाला. मी सवयीनं म्हणालो, “पॅकिंगचा अनुभव न्हाय तुम्हाला. नवख्याचाच पगार मिळंल.”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

घासाघिशीत इतक्या लवकर कुणी माझं ऐकलं नव्हतं.