मेजर ‘सोडा’ म्हणाले तेव्हा

मेजर पास्कूंच्या मी एकदा थोबाडीत मारली होती. सगळ्या वाडीसमोर.

आज पहाटे मेजर गेले. सकाळपासून प्रत्येकाच्या स्टेटसला त्यांचा मेडलवाला फोटो आहे. ‘शिस्तप्रिय’, ‘देवमाणूस’, ‘समाजसेवक’. खोटं काहीच नाही त्यात.

पण माझ्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही. म्हणून लिहितेय.

आर्मीतून रिटायर झाल्यावर लोक पुण्यात फ्लॅट घेतात. मेजर मालवणच्या किनाऱ्यावर परत आले आणि आमच्या मागे लागले. विधवांच्या पेन्शनची कागदपत्रं घेऊन ओरोसच्या जिल्हा कचेरीत खेपा घालायचे. आणि दर रविवारी मिस्सा आटपली की चर्चमधून थेट किनाऱ्यावर.

शिट्टी, लांब दोर, आणि रिकामे कॅन भरलेलं एक पोतं.

पोतं म्हणजे बुडणारा माणूस. एकाने कमरेला दोर बांधून त्याच्यापर्यंत पोहायचं, बाकीच्यांनी दोघांना ओढून आणायचं. लाट किनाऱ्याकडे ढकलते तेव्हा ओढा. लाट अंगावर फुटते तेव्हा ढील द्या.

आम्हाला हे ढील प्रकरण जमेचना.

आम्ही रापणकर. चाळीस-पन्नास माणसं वाळूत उभी राहून जाळं ओढतात, ती रापण. त्यात एकच अक्कल लागते. दोर जड झाला की जीव खाऊन ओढायचं. सैल सोडलात तर मासे गेले, वर शिव्या.

मेजर ओरडायचे, “जाळा श्वास घेणा नाय रे! माणूस घेता!”

आम्ही फिदीफिदी हसायचो. माझा धाकटा भाऊ सागर सगळ्यात जास्त.

मग दिवाळीच्या सुट्टीतली ती दुपार. किनाऱ्यावर टुरिस्टची जत्रा. एक कॉलेजची मुलगी आत खेचली गेली.

कुणी काही बोलायच्या आत सागरने दोर कमरेला बांधला होता.

तो तिच्यापर्यंत पोचला. तिला धरलंही. आम्ही वीसेक जणांनी दोर ओढायला घेतला.

दोर जड झाला.

आणि आम्ही काय केलं? जन्मभर केलं तेच. जीव खाऊन ओढलं.

लाट फुटली. दोन्ही डोकी दिसेनाशी झाली.

“सोडा!”

मागून मेजर. कुणी ऐकलं नाही. आम्ही आणखी जोरात ओढलं. मुलीची आई वाळूत बसून किंचाळत होती.

“ओढू नकात! ढील दिया! सोडा म्हणतंय ना!”

मला वाटलं, या माणसाला वेड लागलंय. माझा भाऊ पाण्याखाली आहे आणि हा म्हणतोय सोडा.

मेजर पुढे आले आणि माझ्या मुठीतून दोर सोडवायला लागले. तेव्हा मारली मी. खाडकन. चष्मा उडाला त्यांचा.

“माझो भाव आसा थंय!”

त्यांनी गालाला हातसुद्धा लावला नाही. माझं एकेक बोट उघडलं. “म्हणानच सांगतंय. सोड.”

मी सोडला. मग सगळ्यांनी सोडला.

दोर पाण्यावर सैल पडला. मी एवढी घाबरलेली आयुष्यात कधी नव्हते.

एक लाट गेली. काही नाही.

दुसरी.

मग सागरचं डोकं वर आलं. त्याच्या खांद्यावर त्या मुलीचं. “आता ओढा!” मेजर ओरडले. पुढच्या लाटेबरोबर ती दोघं वाळूपर्यंत आली, खोकत, ओकत, जिवंत.

गर्दी पांगल्यावर मेजर एका होडीला टेकून बसलेले दिसले. चष्म्यावरची वाळू पुसत होते. “माका पाणी दी गो.”

मी पाणी दिलं. सॉरी म्हणणार होते, त्याआधी तेच बोलले.

“माका खात्री नाय होती.”

मी तिथेच वाळूत बसले.

“आर्मीत माझी सगळी नोकरी नदीवर पूल घालण्यात गेली. ह्या दर्याचा सगळा पुस्तकात वाचलेला. पण कोणीतरी एकान सांगूक व्हया होता.” मग म्हणाले, “तो वर इलो नसतो आणि तू परत मारलंस, तर तुझो हात धरणारो मी कोण?”

मी विचारलं, “मग एवढ्या जोरात कसे ओरडलात?”

“हळू सांगून तुमी ऐकतास?”

उठताना म्हणाले, “ह्या खंय सांगू नको. नायतर पुढच्या खेपेक कोण सोडूचो नाय.”

इतकी वर्षं नाही सांगितलं. नवऱ्यालासुद्धा नाही. त्यानंतर मेजरांनी त्या दोरावर आणखी माणसं काढली, आणि दर वेळी ते ‘सोडा’ म्हणाले की अख्खी वाडी एका झटक्यात सोडायची. ते मनातून किती घाबरलेले असतात, हे मला एकटीलाच माहीत होतं.

आज गुपित फोडतेय, मेजर. रागावू नका. आता ओरडायची वेळ आमच्यातल्याच कुणावर तरी येणार. त्याला कळू दे की खात्री तुम्हालाही नव्हती.

तुमच्या अंगणात खुर्च्या मांडायचं काम सागर करतोय. त्याची पोरगी त्याच्या पायात पायात घोटाळतेय.

सॉरी राहिलं होतं. सॉरी, मेजर.

आता निवांत झोपा.