पाव की भाकर

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.ए. झालो तेव्हा मिशनच्या कमिटीनं मुरबाडच्या शाळेत मास्तरकी देऊ केली. मी म्हणालो, शाळा नको, मला नवी ख्रिस्ती मंडळी उभी करायची आहे. लोक हसले. एवढं शिकून हा सिद्धगडाच्या पायथ्याला वाड्या हिंडणार! पण माझं ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडायची मला सवय नाही.

टोकावड्याच्या पलीकडे ओहोळाच्या दोन काठांना दोन वाड्या होत्या. अलीकडे महारवाडी, पलीकडे ठाकूरवाडी. दोन्हीकडची काही घरं वर्षभर माझ्याकडून शुभवर्तमान ऐकत होती. भाताला कणसं धरली तेव्हा दोन्हीकडच्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच दिवशी घेतला, पण आपापल्या काठाला. कल्याणहून आलेले पाळकसाहेब मधोमध पाण्यात उभे राहिले आणि कधी या काठाकडे वळले, कधी त्या.

पुढे अलीकडच्या काठाला, कापणी झालेल्या खाचरात उपासना भरू लागली. तिथंही बांधाच्या एका अंगाला ठाकूर, दुसऱ्या अंगाला महार, आणि मी बांधावर उभा.

कमिटीचं धोरण सरळ होतं. ज्याच्या त्याच्या समाजाची वेगळी मंडळी करा. भाऊबंद भाऊबंदांना घेऊन येतात, घरंच्या घरं येतात. ते म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दुसरीकडे तसं झालेलं मी पाहिलं होतं. पण माझे वडील शाळेच्या ओट्याखाली बसून अक्षरं शिकले. त्यांच्या मुलानं प्रार्थनेलाही बांध घालायचा, तर मग आम्ही ख्रिस्ती झालो कशाला? हे मी कमिटीला तोंडावर सांगितलं.

पाळकसाहेब शांत माणूस. म्हणाले, "नाताळच्या आदल्या रविवारी पहिलं प्रभुभोजन करू, भाकर मोडून सगळ्यांना वाटू. दोन्ही वाड्या एका ताटातलं खातील तर एक मंडळी. नाहीतर दोन मंडळ्या, आणि तुम्ही मुरबाडच्या शाळेत."

मी कबूल केलं.

त्यांनीच एक तोडही सुचवली. येताना कल्याणच्या बेकरीतून पाव आणायचा. पाव कुणाच्याच चुलीवरचा नाही, म्हणजे कुणाची हरकत नाही. मला ती युक्ती आवडली. पुढच्या उपासनेत मी ती सांगितली.

ठाकूरवाडीची एक म्हातारी होती. तिचा शब्द त्या वाडीत चाले. ती ताडकन उठली.

"पाव? नाय रे मास्तर! बाजारात बाया मला इचारतात, म्हातारे, बाटलीस ना, पाव खाल्लास का? मी छाती काढून सांगते, पाव नाय खाल्ला, येशूबाबाला मानलाय. आता काय सांगू?"

बांधाच्या अलीकडून महारवाडीचा कारभारी म्हणाला, "मग भाकर कर ना गो."

"करीन की. माज्या हातची खाशील?"

"मी खाईन. माज्या बायकोच्या हातची तू खाशील का, ते बोल."

म्हातारी खाली बसली. कारभाऱ्याची बायको मात्र उठली.

"मी करतच नाय. माजी भाकर कुणी परतवली तर मी ती पदराखाली झाकून घरी न्यायची? तसलं लय भोगलंय. येशूच्या नावानं तरी नको."

कुणीतरी म्हणालं, म्हातारीच करू दे, सगळे खातील. मी साफ नकार दिला. खालच्यानं वरच्याच्या हातचं खायचं, हे तर पहिल्यापासून चालत आलेलं. त्यात नवं काय? मी म्हणालो, "भाकर इथंच भाजायची, सगळ्यांसमोर. पीठ पलीकडच्या वाडीचं, पाणी अलीकडच्या वाडीचं."

"आधणाला पाणी लागतं, मास्तर," म्हातारी म्हणाली.

"म्हणूनच."

ती ओहोळ ओलांडून गेली. तिच्यामागून तिच्या वाडीचे जमलेले सगळे गेले.

प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब टोकावड्याहून चालत आले. पिशवीत पाव होतेच. पाव कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "असू द्यात." खाचरात तीन दगडांची चूल मांडली होती. बांधाची अलीकडची बाजू भरली, पलीकडची रिकामीच. दोन गीतं झाली. तिसरं गाताना मी ओहोळाकडंच पाहत होतो. मुरबाडच्या शाळेचं कौलारू छप्पर डोळ्यांपुढं येऊ लागलं.

तेवढ्यात ओहोळातून माणसं वर आली. पुढं म्हातारी, डोक्यावर काथवट, काथवटीत नव्या तांदळाचं पीठ. ती चुलीपाशी बसली आणि टोप दगडांवर ठेवला. कारभाऱ्याच्या बायकोनं पाण्याची कळशी आणली, पण हाताच्या सवयीनं लांबच ठेवली.

"लांब काय ठेवतेस गो? मी काय तिथवर हात लांबवू? ओत!"

मागून एक ठाकूर पुटपुटला, "म्हातारे, वाडीत काय सांगशील?"

"सांगीन, पाव नाय खाल्ला."

कारभाऱ्याच्या बायकोनं कळशी उचलली. तिनं ती एकदम वाकडी केली. पाणी भसकन पडलं. आधण आलं, म्हातारीनं पीठ घातलं, ढवळलं, आणि ओरडली, "अगो बाय, पेज करतेस का काय? उकड सैल झाली!"

"मग घाल आणखी पीठ."

"आणलं तेवढं घातलं."

ओहोळापलीकडे जाऊन येईस्तोवर उकड थंड झाली असती. महारवाडी जवळ होती. कारभाऱ्याची बायको धावत गेली, आपल्या घरचं पीठ सुपातून घेऊन आली आणि न विचारता टोपात ओतलं. म्हातारीनं क्षणभर टोपाकडं पाहिलं. मग पदर खोचला, उकड काथवटीत काढली आणि दोन्ही हातांनी मळायला घेतली. आता त्यातलं कुठलं पीठ कुठल्या वाडीचं, हे कुणाला सांगता आलं नसतं. असं काही मी ठरवलं नव्हतं, तरी मला मनापासून आनंद झाला.

एक भाकर म्हातारीनं थापून भाजली, एक कारभाऱ्याच्या बायकोनं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि दोन्ही भाकरी मोडल्या. दोन ठाकूर उठून बांधापलीकडे उभे राहिले. त्यांनी घेतली नाही. बाकी सगळ्यांनी घेतली. कारभाऱ्याच्या बायकोनं आपला तुकडा किती तरी वेळ हातातच धरला होता.

प्रभुभोजन झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "कमिटीला मी एकच मंडळी कळवतो. आता प्रार्थनेला छप्पर कुठं घालायचं ते ठरवा."

झालं! कारभारी म्हणाला, आमच्या वाडीच्या माळावर. म्हातारी म्हणाली, माळावर वारा खाईल, आमच्याकडं घाला, भिंतींची कारवी आमीच तोडणार ना? कारभारी म्हणाला, कारवी तुमची, छपराचं गवत कुणाचं? आवाज चढले. बांधापलीकडे उभे असलेले ते दोघेही पुढं येऊन हात हलवत बोलू लागले.

"थांबवा की त्यांना," पाळकसाहेब मला म्हणाले.

मी थांबवलं नाही. खाली बसलो आणि दोन्हीकडचं म्हणणं ऐकू लागलो. मलाही माझं मत द्यायचं होतं.