टॉवरकडची करवंटी

आधी मातीत बोट खुपसायचं, मग तोंड उघडायचं, ही आमच्या शेजारच्या मास्तरांची रीत. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. काहीही विचारा, बोट धोतराला पुसत म्हणायचे, "माहीत नाही म्हणजे माहीत नाही, तात्या." तुम्हीच सांगा, असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

आमची ही गाठीच्या दुखण्यानं गेली. समोरच्या घराच्या स्लॅबवर मोबाइलचा टॉवर, बारा वर्षं आमच्या पडवीकडे तोंड करून उभा. मी चौथी शिकलेला, पण मला डोळे आहेत. मास्तरांना म्हटलं, "ग्रामपंचायतीत अर्ज देतोय. टॉवरनंच मारलीन, एवढं लिहून द्या."

"कशावरून?"

झालं! त्यांनी दोन करवंट्यांत माती भरून मूग पेरले. एक टॉवरसमोर पडवीत, दुसरी लांब विहिरीपाशी. ऊन सारखं, पाणी सारखं, हिच्या चहाच्या कपानं अर्धा अर्धा कप. पाणी घालायचं माझ्याकडे. म्हणाले, "कोंब वाढतो म्हणजे आत पेशी वाढतात. लहरींनी फरक पडतो का, बघू."

नवव्या दिवशी विहिरीकडचे मूग वीतभर. टॉवरकडचे बोटभर, माना टाकलेले.

"बघा! आता लिहा."

मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. टॉवरकडच्या करवंटीत बोट खुपसलं.

"तात्या, टॉवर पाणी पितो काय हो?"

पाच दिवस मी त्या करवंटीला थेंब दिला नव्हता. चोर पकडला गेला की जास्त ओरडतो. "हिच्या जागी तुमची बायको असती तर लिहिलं असतंत!"

"माझीही गाठीनंच गेली. तेव्हा टॉवर नव्हता." मग पट्टी उचलत, "त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. आणि नऊ दिवसांचे मूग माणसाच्या बारा वर्षांचं काय सांगणार? पुन्हा पेरू."

पेरले. पण चौथ्याच दिवशी लेक त्यांना पुण्याला घेऊन गेला, कायमचा. जाताना पट्टी माझ्या हातात दिली. "आता बोट घालायला मी नाही. तुम्हीच घाला."

नवव्या दिवशी घातलं. माती दोन्हीकडे ओली. पट्टी लावली, तीनतीनदा लावली. कोंब सारखेच.

टॉवरला अजून रोज शिव्या घालतो. अर्ज तेवढा दिलेला नाही.