पलीकडची मेर

आमच्या वाडीचा हुतूतूचा संघ जिंकतो कमी आणि हरतो जास्त, हे मला कुणी शिकवायला नको. तरी मी त्यांच्याच बाजूने ओरडते, घसा बसेपर्यंत ओरडते. शहरातून आलेली शिकलेली पोरं विचारतात, "आजी, तुम्ही या हरणाऱ्यांच्या बाजूच्या कशा हो झालात?" इथेच जन्मले म्हणून, असं सांगून मला सुटता येईल. पण ते खरं नाही. पुरुषाला संघ जन्माने मिळतो, बापाच्या आडनावाबरोबर. बाईला तो लग्नात मिळतो, आणि माहेरचा असेल तो उंबऱ्यावर ठेवून यावा लागतो. मला मिळालेला मी टाकला आणि मला हवा तो भर मळ्यात, दोन गावांसमोर घेतला. लिहायला मी फार उशिरा शिकले, पण ओरडायला मला पहिल्यापासून येत होतं.

इंग्रजांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. मुंबईला गेलेले आमचे गडी शिमग्याला बोटीने रत्नागिरीच्या बंदरावर उतरायचे आणि डोक्यावर ट्रंका घेऊन लांज्याच्या वाटेने चालत गावी यायचे. माझं माहेर पऱ्याच्या अलीकडे, सासर पलीकडे. मधे तो एवढासा ओहोळ, उन्हाळ्यात पायाचे घोटेही भिजत नसत. दोन्ही गावांची पालखी नाचून झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी पऱ्याकाठच्या मळ्यात हुतूतू व्हायचा. भात कापून झालेलं शेत, सड उपटून, शेणाने सारवून, चोपून लख्ख केलेलं. त्यावर राखेच्या रेघा. दोन अंगांना शेताचे दोन उंच बांध. बांधाला आम्ही मेर म्हणतो. एका मेरेवर आमच्या वाडीच्या बाया बसत, समोरच्या मेरेवर पलीकडच्या गावच्या.

आता यातली मेख ऐका. जी पोर अलीकडे जन्मली आणि पलीकडे दिली, तिने पलीकडच्या मेरेवर बसायचं. नुसतं बसायचं नाही, ओरडायचं. समोर सख्खा भाऊ खेळत असला तरी नवऱ्याच्या गावासाठी ओरडायचं. सासवा कान देऊन असत. जिचा आवाज बारीक निघाला, तिला वर्षभर विहिरीवर टोमणे. "काय गो, आमचा तांदूळ घशात अडकला वाटतं?"

लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला मी तिकडे बसले. माझ्या भावाला चौघांनी धरून खाली घातला. त्याचं तोंड मातीत, आणि मेरेवर बाया आनंदाने नाचताहेत. मी गप्प. सासूने मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं. "तोंडाला काय कुलूप घातलंयस?" मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण भावाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं ते आठवतं. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

माझा नवरा म्हणजे पलीकडच्या गावाचं नाक. पंचक्रोशीत त्याच्या दमाची गोष्ट सांगत. चढाईला गेला की एका दमात सगळ्या माणसांतून हिंडून यायचा, हुतूतू हुतूतू म्हणत, तुटणं म्हणून नाही. लोक म्हणत, याच्या छातीत भाता आहे. पहाटे मी जात्यावर नाचणी दळायला बसायची आणि तो अंगणात दमाची तालीम करायचा. मला कान आहेत. पहिल्या काही दिवसांतच माझ्या ध्यानात आलं की त्याचा दम इतर माणसांएवढाच आहे. तो संपला की हा गडी श्वास आत ओढतानाही तोंडाने हुतूतू चालूच ठेवायचा. करून बघा, येतं. आवाज जरा पातळ होतो, खरखरीत होतो, फाटक्या सुपासारखा, आणि बरगड्या वर उचलल्या जातात. चारशे माणसं ओरडत असताना ते कुणाला ऐकू येणार?

एकदा मी जातं थांबवून ऐकत राहिले. तो अंगणातून म्हणाला, "थांबलीस का गो? दळ."

"दम चोरता तुम्ही," मी म्हटलं.

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. हसून म्हणाला, "घरातली गोष्ट घरात." आणि मेली मी, मला त्यात सुखच वाटलं! साऱ्या गावाला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, म्हणजे मी याची खरी बायको, असं वाटलं. तीन वर्षं मी ती गोष्ट पदरात बांधून ठेवली. आईला नाही सांगितली, भावालाही नाही.

तीन वर्षांत मूल झालं नाही. दिवाळी झाली आणि सासू म्हणाली, "चार दिवस माहेरी जाऊन ये." मी आनंदाने गेले. चार दिवसांनी कुणी न्यायला आलं नाही, महिन्याने नाही, पौष गेला, माघ गेला. बाप माझ्या लहानपणीच गेलेला, घरात आई, भाऊ आणि वयनी. वयनी वाईट नव्हती, पण पाहुणी म्हणून आलेली नणंद घरची होऊन बसली की कुठल्या भावजयीच्या कपाळाला आठी पडणार नाही? भाकरी वाढताना ती माझ्याकडे बघायची नाही. आई देवाला गाऱ्हाणी घालायची. मी सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर निजायची, की माझं ओझं कुणाला वाटू नये.

खेळाच्या आदल्या दिवशी सासरचा एक म्हातारा आला. ओटीवर बसून पाणी प्यायला आणि आईला म्हणाला, "आम्ही पोराला दुसरी बघितलीय. पण पहिलीला टाकत नाय हां. शेताला, गोठ्याला माणूस लागतंच. उद्या खेळाला तिने आमच्या मेरेवर येऊन बसावं, चारचौघांत दिसावं की सून आमची हाय. खेळ झाला की पोरगा तिला घेऊन जाईल. नाय बसली, तर मग आमचा-तुमचा संबंध सुटला."

मी दाराआड उभी. शेताला, गोठ्याला माणूस लागतं! बैलही लागतो. त्याच्यासाठी निदान कुणीतरी स्वतः बाजारात जातो.

म्हातारा गेल्यावर आई रडत माझे हात धरून म्हणाली, "बाय माझी, त्या मेरेवर बस. मी आज आहे, उद्या नाही." वयनी चुलीकडे तोंड करून होती. भाऊ गुडघ्याला तेल चोळत होता, तो एवढंच म्हणाला, "तुला बसायचं तिथे बस. मला खेळायचंय."

मी रात्रभर विचार वगैरे केला असं सांगेन तर खोटं होईल. मी झोपले. सकाळी उठून लुगडं नेसले, केस विंचरले आणि आईचं ऐकायचं ठरवलं. होय, ठरवलं होतं. उगाच शूर म्हणून मिरवायला मला आवडत नाही.

दुपारी मी पऱ्या ओलांडून लांबून वळसा घेतला आणि पलीकडच्या मेरेवर जाऊन उभी राहिले. सासूने माझ्याकडे न बघता चुरमुऱ्यांची टोपली थोडी सरकवली. तेवढ्या जागेत मी बसले. बाया माझ्याकडे बघून कुजबुजल्या. समोरच्या मेरेवर आई दिसली, तिने पदर डोळ्यांना लावला. सुटली बिचारी, मला वाटलं.

खेळ त्या वर्षी अटीतटीचा झाला. पंच तिसऱ्या गावचे शाळामास्तर, मुंबईकरांनी आणून दिलेली शिटी गळ्यात घालून उभे. आमच्या वाडीने जिवावर उदार होऊन खेळ केला. कधी नव्हे ते बरोबरीला आले. शेवटी त्यांचे तीन गडी उरले आणि आमचे दोन, एक माझा भाऊ. दिवस कलायला लागला होता. पंचांनी सांगितलं, ही शेवटची चढाई. आणि माझा नवरा मातीला हात लावून उठला.

तो हुतूतू करत आत शिरला. एकाला पायाने शिवला. परत फिरतोय तोच माझ्या भावाने झेप घेऊन त्याचा घोटा पकडला. दोघेही आडवे. पडले तेही नेमके मी बसले होते त्या मेरेखाली, माझ्यापासून दोन हातांवर. पंच होते पार दुसऱ्या टोकाला. नवरा कोपरांवर सरपटत रेघेकडे निघाला, भाऊ घोटा सोडेना, गुडघा फुटून रक्त आलेलं, ओढला जातोय पण सोडत नाही. एवढ्या वेळात कुणाचाही दम संपला असता. याचा चालूच. मेरेवर बाया बेभान झाल्या होत्या. सासूने मला कोपर मारलं, "ओरड!"

आणि मला तो आवाज ऐकू आला. पातळ, खरखरीत. अंगणातला. त्याच्या बरगड्या वर गेल्या, एकदा, मग दुसऱ्यांदा. खाली माझा भाऊ दात ओठ खाऊन धरून होता, खराखुरा जीव लावून, आणि हा हवा चोरत होता. मला काय झालं सांगू? घृणा आली. त्याच्या लबाडीची तर आलीच, पण त्याहून माझी आली. तीन वर्षं ही लबाडी मी दागिन्यासारखी जपली होती.

मी उभी राहिले आणि ओरडले. "दम तुटला! दम तुटला त्याचा! आत ओढतोय श्वास, आत!"

तेवढ्यात त्याची बोटं रेघेला लागली. शिटी वाजली. पण माझा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. मास्तर चालत आले. "कोण बोललं?"

"मी," मी म्हटलं.

"बाई, तुम्हाला काय ठाऊक?"

"तीन वर्षं जात्यावर बसून ऐकलंय मास्तर. त्याला इथे तुमच्यासमोर दम घ्यायला लावा आणि बरगड्यांवर हात ठेवा. कळेल."

नवरा उठला. अंगावरची माती झटकत लोकांकडे बघून म्हणाला, "हिला घरातून काढली म्हणून डूख धरलाय हिने."

"डूख धरलाय तो धरलाच आहे," मी म्हटलं. "आणि दमही तुटलाय. दोन्ही खरं."

कुणीतरी हसलं. मास्तरांनी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बायकोच्या सांगण्यावरून मी परीक्षा देऊ?" त्याच्या गावचे पुरुष पुढे सरसावले. मास्तरांनी शिटीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "मला स्वतःला ऐकू आलं नाही. जे मला ऐकू आलं नाही त्यावर मी गडी बाद देत नाही." आणि त्यांनी पलीकडच्या गावाचा हात वर केला.

सासू उभी राहिली. "ऊठ या मेरेवरून," ती म्हणाली. मी उभीच होते, तेही तिला दिसलं नाही.

वळसा घालून जाणं शहाणपणाचं होतं. बाईमाणसाने मळ्यात, रेघांवर पाय ठेवायचा नाही अशी रीत होती. मी मेरेवरून खाली उतरले आणि सरळ मधून चालत गेले. राखेच्या रेघा आल्या, त्याही ओलांडल्या. मागून शिव्या आल्या, पुढून आईचं रडणं आलं. घर गेलं होतं, गोठ्यातली ती जागासुद्धा गेली होती, आणि समोरच्या मेरेवर मला कुणी जागा देईल की नाही याची काही खात्री नव्हती. मी जाऊन खाली उभी राहिले. वर बाया दाटीवाटीने बसलेल्या. कुणी हलेना.

मग वयनी सरकली. तीच, भाकरी वाढताना बघत नसे ती. शेजारणीला ढोपराने ढकलून तिने जागा केली आणि हात खाली देऊन मला वर ओढली. म्हणाली, "बस हितं. आणि रडू नको, समोरची बघतायत."

मी बसले. समोर ते नाचत होते. आमची पोरं माना खाली घालून पऱ्यावर हातपाय धुवायला निघाली. भाऊ लंगडत आमच्याकडे आला. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलेल. त्याच्या डोळ्यांत अंगार होता.

"तुला तीन वर्षं ठाऊक होतं?" तो ओरडला. "तीन वर्षं? आणि आम्ही मेल्यासारखे हरत होतो! आधी सांगायला काय झालं होतं गो तुला?"

"आधी मी तुमच्यातली नव्हते," मी म्हटलं.

तो मग माझ्या पायांशी मातीत बसला आणि फुटलेला गुडघा पुढे केला. मी लुगड्याचा काठ फाडून बांधला. बांधता बांधता विचारलं, "पुढच्या शिमग्याला कितीजण आहोत आपण?"