बुडालेल्यांच्या घरी कोण गेलं

माझ्या धाकट्या दिरांइतका लांबण लावणारा माणूस राजूरपासून भोकरदनपर्यंत दुसरा झाला नसेल. पाणी पाहिजे का विचारलं, तर विहिरीला पाणी किती राहिलं अन् कुणी उपसलं, इथपासून सुरुवात व्हायची. तोवर तांब्या धरून माझा हात भरून यायचा. पण वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात धम्मग्रंथाचं वाचन असलं, की लोकांना भाऊजीच लागत. एकानं ओळ वाचायची आणि भाऊजींनी तिचा अर्थ उलगडून सांगायचा, ही तिथली रीत. ते इतकं सांगत, की म्हाताऱ्या डोळे पुसत आणि वाचणारा पुढची ओळ कोणती तेच विसरून जाई.

हीच सवय त्यांना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नडली. इंग्रजीचा उतारा वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची असत. बाकी सगळं यायचं, उताऱ्यात अडायचे. दोनदा नापास झाले. साल दुष्काळाचं, आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. सासरे म्हणाले, "ह्या खेपेला न्हाई जमलं तर पुस्तकं बांधून ठेव, अन् हातोडा घे."

भाऊजींनी घरी लिहिलेली उत्तरं राजूरच्या एका मास्तरांना दाखवली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, एका ओळीचं उत्तर, अन् तू दोन पानं प्रवचन दिलंस! विचारलं तेवढंच सांग, बाबा."

तेव्हापासून सराव माझ्या गळ्यात पडला. मी चौथी शिकलेली, इंग्रजीचं अक्षर ओळखत नाही. भाऊजी उतारा आणि प्रश्न मराठीत सांगत. मी प्रश्न विचारायचा, आणि ते एका वाक्याच्या पुढे गेले की 'बास' म्हणायचं. दिवसभर दगड फोडून आलेली मी, भाकरी थापत बास बास म्हणूनच अर्धी होऊन जाई.

एकदा जहाज बुडाल्याचा उतारा होता. मी विचारलं, "किती माणसं वाचली?"

"चार. पण वहिनी, बुडाले त्यांच्या घरी सांगायला कोण गेलं असंल?"

"बास, भाऊजी."

"लिहिणाऱ्यानं ते लिहिलंच न्हाई बघा. त्यांच्या बाया वाट बघून राह्यल्या असतील."

"बास म्हणलं ना! खडी फोडायचीय का?"

त्यांनी पुढचा प्रश्न सांगितला. भाकर करपली तरी मला कळलं नाही. मीही त्या बायांच्याच दारात जाऊन बसले होते.

त्या खेपेला भाऊजी पास झाले. सासऱ्यांनी कामावर सगळ्यांना गूळ वाटला. भाऊजी औरंगाबादला शिकायला गेले आणि पुढच्या वर्षावासात थोडे दिवस घरी आले. विहार गच्च भरला. ओळ वाचली गेली. भाऊजींनी एका वाक्यात अर्थ सांगितला, अगदी नेमका, आणि पुढं वाच म्हणून खूण केली. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. वाचन फार लवकर आटोपलं. मी थकलेलीच होते, मला बरं वाटायला पाहिजे होतं.

एक म्हातारी काही उठेना. मला म्हणाली, "तुझ्या दिराची तब्येत बरी न्हाई का गं?"

"बरी हाय," मी म्हणाले. त्यांना 'बास' मीच शिकवलं होतं, हे न सांगता मी तिला हात धरून उठवलं.