न गेलेली लाईट

आमच्या गावची मंडई नेमकी कोणत्या देवाची, हे मला अजूनही सांगता येत नाही. आम्ही बौद्ध, त्या देवाशी आमचं काही देणंघेणं नाही. पण मंडईचे पाहुणे सगळ्यांकडेच येतात. भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावाच्या त्या पट्ट्यात दिवाळी आटोपली की एकेका गावाची मंडई लागते. पाळणे, जिलेबी, बांगड्या, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ नाहीतर नाटक. या गर्दीच्या आडून खरा धंदा चालतो तो सोयरिकींचा. "सहजच आलो जी मंडईले," म्हणत इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं अंगणात येऊन उभी राहिली, की त्या घरच्या मुलीनं ओळखावं, आज जिलेबीबरोबर आपलंही वजन होणार आहे.

त्या वर्षी वजन माझं होणार होतं. मी तेव्हा साकोलीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, हायवेलगत खोली करून राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. मी शिकवते, हे आत्या पाहुण्यांना "फावल्या वेळात जाते" असं सांगायची. फार शिकवणारी सून कोणालाच नको असते, असं तिचं मत होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. राहायला भंडाऱ्याला, आणि उद्योग सोयरिकी जुळवण्याचा. जुळवलेल्या सोयरिकींची नावं ती घडाघडा सांगायची. मोडलेल्यांचा विषय निघाला की तिला पान खायचं आठवायचं.

हा मुलगा पुण्यात इंजिनीअर होता. त्यानं मला पाहायच्या आधीच आत्यानं त्याला जावई करून टाकलं होतं. बाबांनी मला एवढंच सांगितलं होतं, "तुयी हो असन तरच होईन. पण नाही म्हणशीन तं कारण सांगजो." मला हे मान्य होतं. खरं सांगायचं तर फोटोत मुलगा बरा दिसत होता, आणि सकाळी मी स्वतःहून नवे कानातले घातले होते.

आता एका डब्याबद्दल सांगते. माझ्या पगारातून मी घरी एक मिनी कॉम्प्युटर आणला होता. पत्त्यांच्या जोडाएवढा, टीव्हीच्या मागे ठेवला तर दिसतही नव्हता. त्याच्या मेमरी कार्डावर मी मीडिया सेंटरचं सॉफ्टवेअर टाकलं, हार्ड डिस्क जोडली, आणि घरातले फोटो, नात्यातल्या लग्नांचे व्हिडिओ, विहारातले कार्यक्रम, सगळं टीव्हीवर ओळीनं मांडून दिलं. त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. फाईलचं नाव वाचून ते इंटरनेटवर जायचं आणि स्वतःच्या अकलेनं पोस्टर शोधून आणायचं. मामेभावाच्या लग्नाला त्यानं कुठल्याशा इंग्रजी भुताच्या सिनेमाचं पोस्टर डकवलं. पांढऱ्या कपड्यातली रक्तानं माखलेली नवरी, हातात मेणबत्ती. मी ते काढायला गेले तर आत्या म्हणाली, "राहू दे वो. नवरी तशीच निघाली."

बाबांना त्या डब्याचं फार कौतुक होतं. ते वरठीच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनलवर होते, रोज मोटारसायकलनं जाणंयेणं. यंत्रावर जे काही लिहिलेलं असेल ते अक्षर न् अक्षर वाचायची त्यांना सवय. नवा मिक्सर आला तेव्हा बाबांचा खोका वाचून होईपर्यंत आईला चटणी वाटता आली नव्हती. त्यांच्याकडे दुरुस्तीचं काम सुरू असलं की बंद पॅनलवर एक पाटी लटकवतात, आत माणूस आहे, बटण दाबू नका. ती पाटी न वाचता कोणी बटण दाबलं तर काय होतं, हे बाबांनी एकदा पाहिलं होतं. त्याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत.

आमच्याकडे असा काही कार्यक्रम असला की सुरुवात बुद्धवंदनेनं होते. आत्याच्या डोक्यात आलं की या वेळी वंदना टीव्हीवर लावायची. पडद्यावर बुद्धमूर्तीचे फोटो, स्पीकरमधून आवाज, आपण फक्त हात जोडायचे. "पुण्याचा पोरगा होय. त्याले वाटलं पाहिजे का हे लोक मागासले नाही," ती म्हणाली. मी सकाळी सगळं जुळवून ठेवलं, दोनदा लावून पाहिलं. आवाज अंगणापर्यंत जात होता.

पाहुणे दुपार कलल्यावर आले. मुलगा, त्याचे निवृत्त वडील, आणि एक मामा, जे शेवटपर्यंत फक्त खात होते. "जयभीम जी, या जी" झालं. बैठकीच्या खोलीत माणसं दाटली म्हणून पंखा लावला. खिडकीत धम्मचक्राच्या दिवशी लावलेली लायटिंगची माळ अजून लुकलुकत होती, ती काढायला कोणाला सवड झाली नव्हती. मी पाणी दिलं, चिवड्याच्या प्लेटा दिल्या. मुलानं विचारलं, "तुम्ही काय, टायपिंग वगैरे शिकवता?"

"वगैरे शिकवते," मी म्हटलं.

आत्यानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि घाईघाईनं वंदनेचा विषय काढला. मी टीव्ही लावला. कोपऱ्यात छोटीशी सूचना आली, फर्मवेअरचं नवं अपडेट आहे म्हणून. ती मी सकाळीच पाहिली होती आणि मुद्दाम सोडून दिली होती. घरी पाहुणे असताना कोणी हे काम काढत नाही. पण मुलानं ती वाचली. त्या दिवशी त्यानं पडद्यावरचं एवढंच काय ते वाचलं.

"हे तर जुनं व्हर्जन आहे," तो म्हणाला आणि रिमोट मागितला.

"वंदना झाल्यावर करू," मी म्हटलं.

"दोन मिनिटांचं काम आहे."

"आमच्या घरचं सारं हाच करते," त्याचे वडील बाबांना अभिमानानं म्हणाले. आत्यानं माझ्या हातातला रिमोट काढून त्याच्या हातात दिला, पुढे घडायचं कन्यादान तिनं तिथेच उरकून घेतल्यासारखा.

फर्मवेअर म्हणजे यंत्राला अगदी पहिल्यांदा जाग आणणारी आज्ञावली. ती बदलायला घेतली की मध्ये हात घालायचा नाही. भाताला शेवटची वाफ येत असताना आई झाकण काढू देत नाही, तसंच. पडद्यावर पांढरी पट्टी सरकू लागली आणि खाली इंग्रजीत दोन ओळी आल्या. बाबांनी खिशातून चष्मा काढला, उठून टीव्हीजवळ गेले, एकेक शब्द बोटाखाली घेत वाचलं आणि सगळ्यांना सांगितलं, "बंद करू नका, वायर काढू नका, असं लिहून आहे."

"काका, ते असं लिहूनच ठेवतात," मुलगा म्हणाला.

बाबा जागेवर येऊन बसले. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. ती थांबतेच. पण खोलीतले सगळे तिच्याकडे टक लावून बसलेले, मामांच्या तोंडातल्या चिवड्याचा आवाज तेवढा चाललेला, आणि इंजिनीअरसाहेबांचे कान हळूहळू लाल होत चाललेले. त्यानं रिमोटची बटणं दाबून पाहिली. मग म्हणाला, "हँग झाला."

"नाही झाला. थांबा थोडं," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. उठला, टीव्हीच्या मागे हात घातला आणि डब्याची वायर उपटली. थोडा वेळ तशीच धरून उभा राहिला, परत खोचली. डब्यावरचा दिवा एकदा लागला आणि विझला. मग काहीच नाही. (डबा मेला नव्हता. नंतर मी तो साकोलीला नेला, दुसऱ्या कार्डावर रिकव्हरीची फाईल लिहिली, कार्ड आत घातलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. झाला उभा. पण त्या दिवशी तो पुरता गेल्यासारखा दिसत होता.) टीव्हीचा पडदा निळा झाला आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशी अक्षरं उमटली.

तो सरळ उभा राहिला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "मध्येच लाईट गेली ना. त्यामुळे करप्ट झालं."

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता. खिडकीत पाहिलं. माळ लाल, हिरवी, पुन्हा लाल होत होती. टीव्ही तर त्याच्या पाठीमागे सबंध निळा पेटलेला होता. मला वाटलं आता कोणीतरी हसेल, तोही हसेल, आणि विषय संपेल. चूक कोणाचीही होते. माझ्या क्लासमध्ये रोज कोणीतरी काहीतरी उपटतंच, आणि मॅडम चुकलं म्हणतं.

"तुमच्याकडे लाईटचा लय त्रास दिसते," त्याचे वडील म्हणाले.

"हो ना जी. आताच गेली होती. अशीच जाते-येते," आत्या म्हणाली.

"मंडईच्या दिवशी लोड वाढते ना," स्वयंपाकघराच्या दारातून पदराला हात पुसत आई म्हणाली. माझी सख्खी आई.

मामांचे मुरमुरे पंख्याच्या वाऱ्यानं उडत होते. त्यांनी एका हातानं प्लेट झाकली आणि गेली होती, गेली होती, अशी मान हलवली.

आमच्या भागात लाईट इतकी बदनाम आहे की तिच्या नावावर काहीही खपतं. ती तासन् तास जाते तेव्हा आम्ही तिला शिव्या घालतो, पण त्या दिवशी ती बिचारी इमानेइतबारे हजर होती आणि घरच्या-दारच्या सगळ्यांनी मिळून तिला घालवून दिली. मला हसू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. मी काही बोलणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "जा, चहा आण." मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीतल्या माळेकडे पाहत होते.

डबा गेला म्हटल्यावर वंदना तोंडानंच म्हणायची ठरली, आमच्या आजोबांच्या पिढीपासून म्हणत आलो तशी. आईनं बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. सगळे हात जोडून उभे राहिले आणि बाबांनी सुरुवात केली. बाबांचा आवाज चांगला होता, विहारातही वंदना तेच सांगायचे. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. तिथे बाबा थांबले.

त्यांना पाठ नव्हतं असं नाही, ते झोपेतही म्हणू शकले असते. पण आवाज आलाच नाही. मुलाच्या वडिलांना वाटलं यजमान विसरले. त्यांनी खणखणीत आवाजात चौथं शील उचललं, मुलानंही त्यांच्याबरोबर म्हटलं, आत्यानं म्हटलं, आईनं म्हटलं. माळेचा लाल-हिरवा उजेड सगळ्यांच्या जोडलेल्या हातांवर पडत होता. पाचव्या शिलाला बाबा पुन्हा सगळ्यांबरोबर आले.

जेवणं झाली. मामांनी दोनदा वाढून घेतलं. निघताना मुलानं मला सांगितलं की तो डबा आता फेकून द्या, मी नवीन चांगला पाठवून देईन. गाडी गल्लीच्या वळणावरून गेली आणि आत्या अंगणातून हात पुसतच आत आली.

"पसंत आहे त्यायले. निघता निघता सांगतलं मले," ती म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. बाबांनी मला विचारलं, "तू बोल."

"नाही," मी म्हटलं.

"काहून?" आत्या म्हणाली. "कारण सांग. तुया बापानं कारण सांगाले सांगतलं हाय."

मला कारण माहीत होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "त्यानं वायर काढली." ते बाहेर पडताच मला कळलं की हे किती पोरकट ऐकू येतंय. आत्या कपाळावर हात मारून हसली. "ऐका बापा! वायर काढली म्हणून पुण्याच्या इंजिनीअरले नाही म्हणून राहिली. एका डब्ब्यासाठी! चांगली नोकरी हाय, व्यसन नाही, आणखी काय पायजे?" आईही तिच्या बाजूनं बोलू लागली. मला रडू यायला लागलं. ते रागाचं होतं, पण रडणाऱ्या मुलीचा राग कोणाला दिसत नाही. आत्यानं मला जवळ घेऊन समजवायला सुरुवात केली.

बाबांनी आत्याला विचारलं, "बाई, लाईट गेली होती का?"

"जाऊ दे ना भाऊ. पाहुण्याले का तोंडावर खोटं पाडाचं हाय?"

"गेली होती का?"

आत्यानं खिडकीकडे पाहिलं, मग आईकडे. "नोहोती," ती म्हणाली.

"आपण चौघं होतो घरचे. चौघायच्या डोयासमोर वायर काढली त्यानं. मी बी चूपच होतो." बाबा खुर्चीतून उठले. "नाही म्हणून सांगून दे त्यायले. उद्या आपल्या पोरीचं काही बिघडलं, तं हा असाच म्हणन का लाईट गेली. अना आपण सारे असेच मुंड्या हालवू."

टीव्ही तेव्हापासून निळाच होता. आईनं उठून तो बंद केला.