कमी बोलणारी

कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी आम्ही आया मुलांना घेऊन जमतो. त्यांतली एक फार कमी बोलते, आणि बोलते तेही तिरकंच. माझी मुलगी दूधभाताशिवाय कशाला तोंड लावत नव्हती, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "अहो, लग्नाच्या पंगतीत दूधभात मागणारी नवरी पाहिलीत का कधी? सोडेल." कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

मध्यंतरी नव्याने राहायला आलेल्या एकीचा मुलगा हिच्याच मुलीच्या दंडाला कडकडून चावला. त्याची आई पांढरीफटक पडली. हिने रडणाऱ्या मुलीला कडेवर घेतलं, दातांचे व्रण पाहिले आणि म्हणाली, "दात छान आलेत हो."

तरीही ती आई बागेत यायची बंद झाली. काहींना हायसंच वाटलं. मग एका संध्याकाळी ही मला घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"खाली चला."

"नको हो. पुन्हा चावला तर?"

"चावेल. मग आपण दोघी धावू."

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हिने पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि उंबऱ्याशी खाली बसून त्या मुलाच्या पायांत चपला घालायला लागली.